पोच मिळाली, पुढचं पाठवा

'पोच' हा मराठीतला मोठा गुणी शब्द आहे. रजिस्टर पत्राला पोच असायची, मनीऑर्डरीला पोच असायची, आणि माणसालाही पोच असते किंवा नसते. पहिल्या दोन पोचा पोस्टमन आणून द्यायचा, तिसरी आईबापांनी द्यायची असते. कोकणातली आत्या एस. टी.च्या टपावर आंब्याची करंडी चढवून द्यायची, त्या दिवसापासून तिची झोप उडायची. आठवड्याने कार्ड जायचं: "करंडी पोचली. चार डझनांपैकी सात डागी निघाले. बाकी क्षेम." मग आत्या दुसरी करंडी भरायला घ्यायची, आणि तीत सात आंबे जास्त असायचे. ज्या घरातून कार्ड जात नसे त्या घराला पुढच्या साली आंबा दिसत नसे. "त्यांना पोच नाही," असं आत्या म्हणायची, आणि त्यात दोन्ही अर्थ यायचे.

आता हे पुराण आंब्यांसाठी लावलेलं नाही, संगणकासाठी लावलं आहे. कारण संगणकाच्या इतिहासात अगदी हीच आत्याची पद्धत वापरून एका बेडकाने फार मोठं काम करून ठेवलं आहे. बेडूक अमेरिकेतला. नाव कर्मिट.

हल्ली नातवंडांना फाइल पाठवायला सांगितली की ती अंगठ्याने काहीतरी करतात आणि "पाठवली" म्हणतात. त्यामुळे फाइल ही वस्तू जन्मापासूनच उडती असते, असा त्यांचा समज आहे. १९८० च्या सुमारास ती चांगली बसकी होती. ज्या यंत्रात जन्मली त्याच यंत्रात मरायची. एका संगणकातून दुसऱ्या संगणकात फाइल नेणं म्हणजे घाटावरच्या कुटुंबात कोकणातली मुलगी देण्यासारखं होतं. दोन्हीकडची मंडळी चांगली, पण रीतभात एक म्हणून जुळायची नाही.

न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ आपल्याला माहीत आहे ते बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली तिथे शिकायला गेले म्हणून. त्याच विद्यापीठात १९८० साली दोन घराण्यांची मोठी यंत्रं नांदत होती. एक डेक कंपनीचं डेकसिस्टम-२०, दुसरं आयबीएमचं मेनफ्रेम. विद्यार्थी टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि टंकलेखनाची पट्टी एवढाच ऐवज असलेल्या यंत्रावर बसायचे आणि लांबच्या खोलीतल्या मोठ्या यंत्राकडून गणितं करून घ्यायचे. प्रोग्रॅम लिहायचे, निबंध लिहायचे, प्रबंध लिहायचे. ते सगळं राहायचं मोठ्या यंत्राच्या डिस्कवर. आणि डिस्क म्हणजे काय प्रकरण! डेकची आरपी-०६ नावाची डिस्क कपडे धुण्याच्या यंत्राएवढी असायची आणि तीत साधारण १७६ मेगाबाइट मावायचे. आज एका मुंजीच्या व्हिडिओला तेवढी जागा पुरत नाही. तिथे मात्र तेवढ्यात कॉलेजंच्या कॉलेजं बसवायची.

साहजिकच प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला चाळीतल्या बिऱ्हाडाएवढी जागा यायची, आणि तीही भाड्याची. सत्र संपलं की जागा खाली करा. सामान हलवलं नसेल तर ते पुसलं जाई. चार महिने रात्री जागून लिहिलेलं सगळं एका सुट्टीत नाहीसं! त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. नवी मुलं दारात उभी, जागा तेवढीच. पण मुलाने केलेलं काम मुलाच्या हाती राहू नये, ही गोष्ट तिथल्या संगणक केंद्रातल्या लोकांना लागली. ती लागायला अंगी पोच असावी लागते. तिसऱ्या प्रकारची.

नेमक्या त्याच सुमारास छोटे संगणक बाजारात आले होते. टेबलावर मावणारे, सीपी/एम नावाच्या प्रणालीवर चालणारे. त्यांच्यात फ्लॉपी नावाची लवचीक चकती घालायची सोय होती. केंद्रातल्यांच्या मनात आलं, की मुलांनी आपलं लेखन मोठ्या यंत्रातून छोट्या यंत्रात उतरवून घ्यावं, फ्लॉपी दप्तरात टाकावी आणि घरी जावं. पुढच्या सत्रात परत चढवावं. झालं. मोठं यंत्र आहे, छोटं यंत्र आहे, मध्ये तार टाकायची. एवढं सोपं.

एवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

अडचण अशी, की मोठ्या यंत्राची पक्की समजूत होती की तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला आहे. माणूस चुकतो, म्हणून खोडायचं एक अक्षर. माणूस कंटाळतो, म्हणून 'हे काम सोड' असं सांगायचं एक अक्षर. माणसाला वाचायला वेळ लागतो, म्हणून 'जरा थांब' आणि 'हं, चालू दे' अशी आणखी दोन. ही न दिसणारी हुकमाची अक्षरं. आता माणसाऐवजी छोटं यंत्र बसवलं आणि त्याने फाइल वाचायला सुरुवात केली, आणि फाइलीतच कुठेतरी 'थांब' चं अक्षर असलं, तर मोठं यंत्र थांबायचंच! कीर्तनात बुवा सांगतात, "आणि राजा ओरडला, थांबा!" आणि ते ऐकून पेटीवाला नि तबलजी खरोखरच वाद्यं झाकून उठले, तसा हा प्रकार.

बरं, अक्षरांचीही एकवाक्यता नाही. बाकीचं जग ॲस्की नावाच्या लिपीत लिहायचं. तीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, इंग्रजी मोठ्या 'ए'ला ६५. आयबीएमने १९६४ साली आपल्या सिस्टम/३६० यंत्रांबरोबर एब्सिडिक नावाची वेगळीच लिपी काढली होती, तिच्यात तोच 'ए' १९३ क्रमांकावर. शिवाय तिथे 'आय' आणि 'जे' यांच्यामध्ये सात जागा रिकाम्या आणि 'आर' आणि 'एस' यांच्यामध्ये आठ! आपल्याकडे मोडी आणि बाळबोध होती तसंच. भाषा तीच, पण मोडीतलं दफ्तर बाळबोध वाचणाऱ्यापुढे ठेवलं की तो घाम पुसायला लागतो. (मोडी बिचारी पुढे मोडीत निघाली. एब्सिडिक निघाली नाही. आयबीएमची मोठी यंत्रं अजूनही तीत व्यवहार करतात.)

डेकच्या यंत्राचं आणखी तिसरंच. त्याचा एक शब्द छत्तीस बिटांचा. त्यात सात-सात बिटांची पाच अक्षरं बसवायची, म्हणजे पस्तीस झाले. छत्तिसावा बिट उरतो, तो नुसता बसून असतो. आणि आयबीएमकडे जाणारी तार एका वेळी एकाच बाजूने बोलायची. यंत्र बोलत असताना तुम्ही बोललात तर त्याला ते ऐकूच यायचं नाही. आपलं बोलणं संपलं की ते एक खुणेचं अक्षर सोडायचं: "हं, आता तुम्ही." (हा गुण साहेबांनी यंत्राकडून उचलला की यंत्राने साहेबांकडून, याचा निकाल माझ्याच्याने लागलेला नाही.)

छोट्या यंत्रांनी आपसात हा प्रश्न तोवर सोडवला होता. शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्तेन्सन यांनी १९७७ साली फाइलीचे १२८ बाइटांचे तुकडे करून ते टेलिफोनच्या तारेवरून पाठवायची एक रीत बसवली. तिला पुढे एक्समोडेम म्हणू लागले. रीत उत्तम होती, पण ती बरोबरीच्या घरांतली होती. आठच्या आठ बिट तारेवरून जसेच्या तसे जातात, हे तिने गृहीत धरलेलं. मेनफ्रेमच्या दारावरचा भालदार आठवा बिट हटकून काढून घ्यायचा आणि हुकमाची अक्षरं आत जाऊच द्यायचा नाही. कोलंबियातल्या मंडळींना ती रीत चालण्यासारखी नव्हती.

मग फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज हे दोघे कामाला लागले. त्यांनी जे केलं त्याला मी संगणकाच्या इतिहासातला विनय म्हणतो. त्यांनी दोन्ही घराण्यांकडून कमीत कमी अपेक्षा ठेवली. मोठ्या यंत्राला सवयी बदलायला सांगितल्या नाहीत, की छोट्याला भारी कपडे शिवायला लावले नाहीत. सगळ्यांना जे येतं तेवढंच वापरायचं असं ठरवलं. आणि सगळ्यांना येत होती ती साधी छापता येणारी पंचाण्णव अक्षरं: ए-बी-सी, आकडे, स्वल्पविराम वगैरे. तेव्हा जे काही पाठवायचं ते त्याच वेषात. हुकमाचं अक्षर आलं, तर त्याच्या जागी साधं अक्षर घालायचं आणि आधी 'हॅश'ची चौकट लावायची, म्हणजे पलीकडच्याने समजायचं की हे महाशय वेषांतर करून आले आहेत. फक्त पाकिटाच्या सुरुवातीला एकच हुकमाचं अक्षर, दारावरची कडी वाजवण्यापुरतं.

हो, पाकीटच. इंग्रजीत त्याला पॅकेट म्हणतात, पण आपला शब्द त्याहून नेमका आहे. पाकिटावर पहिल्यांदा लांबी, मग अनुक्रमांक, मग आत काय आहे त्याची खूण, मग मजकूर, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. हे शेवटचं म्हणजे वाण्याच्या यादीखालची बेरीज. पाठवणाऱ्याने सगळ्या अक्षरांचे क्रमांक मिळवून तिचा सारांश लिहायचा, घेणाऱ्याने पुन्हा मिळवून बघायचं. जुळलं तर 'वाय' अक्षराचं पाकीट परत: पोच मिळाली, पुढचं पाठवा. नाही जुळलं तर 'एन': डागी निघालं, तेच पुन्हा पाठवा. उत्तरच आलं नाही तर थोडा वेळ वाट बघायची आणि आपणहून पुन्हा पाठवायचं. पोचच वाटेत गहाळ झाली आणि तेच पाकीट दोनदा आलं, तर घेणारा अनुक्रमांक बघून दुसरं बाजूला ठेवतो, पण पोच मात्र पुन्हा देतो. "एकदा सांगितलं ना!" असं म्हणत नाही. हे शेवटचं मला फार आवडतं.

आणि सगळ्यात सुंदर म्हणजे पहिलं पाकीट. आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतात तसा तो समारंभ आहे. एक बाजू म्हणते, "आमच्याकडे एका वेळी एवढंच मोठं पाकीट घेतात, उत्तराला एवढा वेळ लागतो, ओळीच्या शेवटी आम्हांला अमुक अक्षर लागतं." दुसरी बाजू आपलं सांगते. एखाद्या मुद्द्यावर कोणी काहीच बोललं नाही, तर रूढी काय ते आधीच लिहून ठेवलेलं. त्यामुळे मांडवात रुसवे नाहीत.

२९ एप्रिल १९८१ रोजी पहिली फाइल या रीतीने गेली. कुठून कुठे? एकाच यंत्रातून त्याच यंत्रात! एका यंत्राची दोन दारं एका तारेने जोडली, एका दारातून फाइल बाहेर काढली आणि दुसऱ्या दारातून आत घेतली. मुलाने हट्ट धरला म्हणून त्याला पुढच्या दाराने बाहेर काढून मागच्या दाराने घरी आणावा आणि "झाला बरं का प्रवास" म्हणावं, तशातली गत. पण आधी घरातल्या घरात वाढून बघितल्याशिवाय पंगत मांडू नये, हे कोणतीही गृहिणी सांगेल. मग सीपी/एमवाल्या छोट्या यंत्रासाठी कर्मिट तयार झाला. आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी डॅफ्नी त्झोअर यांनी लिहिला. आयबीएमचा पीसी बाजारात आला तो १९८१ च्या ऑगस्टात, म्हणजे बारशाआधीच पाळणा तयार होता. पुढे त्याही यंत्रासाठी कर्मिट आला.

आता नावाचं. दोघे नाव शोधत बसले होते, तेव्हा भिंतीवर मपेट्सचं कॅलेंडर होतं. मपेट्स म्हणजे जिम हेन्सन यांचं अमेरिकेतलं बाहुल्यांचं कुटुंब, आणि त्यातला कर्मिट हा हिरवा बेडूक. गरीब स्वभावाचा, सगळ्यांचं ऐकून घेणारा, सगळ्या धिंगाण्यात आपला कार्यक्रम कसाबसा पार पाडणारा. हेन्सन यांनी तो १९५५ साली आईच्या जुन्या कोटाचा केला होता आणि डोळ्यांना टेबलटेनिसचा एक चेंडू अर्धा अर्धा कापून लावला होता. आपल्याकडे आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी होते, तिकडे बेडूक झाला. नाव लावायला हेन्सन यांच्या कंपनीने परवानगी दिली. गंभीर माणसांना बेडूक हे नाव कसंसंच वाटायचं, म्हणून कोणीतरी के-ई-आर-एम-आय-टी या अक्षरांपासून एक लांबलचक शास्त्रीय नावही मागाहून बसवलं. ते कोणी वापरलं नाही.

कोलंबियाने कर्मिट विकला नाही. मागेल त्याला दिला, आणि नुसतं चालणारं यंत्र दिलं असं नाही, तर ते कसं केलं याची कृतीही दिली. चुंबकीय टेपच्या रिळांवर नकला करून पाठवायच्या, टेपचा आणि हमालीचा खर्च तेवढा घ्यायचा. ज्या विद्यापीठात जे यंत्र असेल, तिथल्या माणसाने त्यासाठी कर्मिट लिहायचा आणि परत कोलंबियाला पाठवायचा, की तो पुढच्या रिळात चढला. लोणच्याच्या कृतीसारखा तो घराघरांत फिरला आणि जिथे गेला तिथली चव घेऊन परत आला. शेकडो जातींच्या यंत्रांसाठी कर्मिट झाले. १९८४ साली 'बाइट' मासिकात दोघांनी सगळी पद्धत उघड मांडली. १९८७ साली दा क्रूझ यांचं पुस्तक आलं, त्याला डोनाल्ड क्नूथ यांनी प्रस्तावना लिहिली. संगणकाच्या शास्त्रात क्नूथ म्हणजे भीष्माचार्य. ते बेडकाच्या पुस्तकाला आशीर्वाद देतात, यात काय ते आलं. पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या यंत्रांचं आपसात जमेना, तेव्हाही कर्मिटला बोलावणं गेलं.

निंदकही होते. "कर्मिट सावकाश चालतो," म्हणायचे. चालायचाच! चौऱ्याण्णव अक्षरांचं पाकीट टाकायचं, पोचेची वाट बघायची, मग दुसरं. पुढे लांब पाकिटांची आणि एकामागून एक बरीच पाकिटं सोडायची सोय झाली, पण ती मागितली तर. न मागणाऱ्याला जुनीच सावध चाल. लोक मागत नसत आणि नावं ठेवत. अहो, पॅसेंजर गाडी सावकाशच जाते. पण मेल जिथे थांबत नाही, त्या स्टेशनावरची माणसं तिच्याचकडे डोळे लावून बसलेली असतात.

आमच्याकडे हा बेडूक जरा उशिरा उतरला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य लोकांना खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे नुसत्या अक्षरांचं. तुमची पत्रं, तुमच्या फाइली, सगळं निगमाच्या यंत्रात. घरचा पीसी टेलिफोनने तिथे जोडायचा आणि टर्मिनल होऊन बसायचं. म्हणजे कोलंबियातल्या पोरांचीच अवस्था, पंधरा वर्षांनी आणि पोक्त वयात. विंडोज ३.१ मध्ये 'टर्मिनल' नावाचाच कार्यक्रम होता. फाइल कोणत्या रीतीने आणू, असं तो विचारायचा आणि दोनच नावं पुढे ठेवायचा: एक्समोडेम आणि कर्मिट. मी कर्मिट म्हणायचो, कारण नाव घरगुती वाटायचं. फाइल यायला लागली की घरात संचारबंदी. तरी कोणीतरी दुसऱ्या खोलीतला फोन उचलायचंच. "हॅलो? हॅलो? अगं बाई, हे काय शिट्ट्या मारतंय!" त्या एका 'अगं बाई'ने पाकिटाचा चुराडा व्हायचा. पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न' चा आकडा एकाने वाढायचा, बेडूक 'एन' म्हणायचा, आणि तेच पाकीट निमूटपणे पुन्हा निघायचं. घरातली बाकीची माणसं इतकं निमूटपणे काही करत नसत.

कोलंबिया विद्यापीठाने २०११ साली कर्मिटचा प्रकल्प बंद केला. तीस वर्षं सांभाळलं, आणखी किती सांभाळणार? पण बंद करताना त्याची सगळी कृती कोणालाही घेता, बदलता, वाटता येईल अशा परवान्याखाली खुली झाली, आणि त्यानंतरही त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या.

गंमत पुढेच आहे. त्या मुलांचं लेखन परक्याच्या मोठ्या यंत्रातून काढून त्यांच्या दप्तरात यावं म्हणून ही एवढी खटपट झाली. आणि आपण काय केलं? दप्तरातलं सगळं, मुलांचे फोटो, आईचा आवाज, घराचे कागद, आपणहून उचलून पुन्हा परक्यांच्या मोठ्या यंत्रांत नेऊन ठेवलं, आणि त्याचं दरमहा भाडं भरतो. त्या यंत्रांना आता मेनफ्रेम म्हणत नाहीत, ढग म्हणतात. जागा भरली की ढगही कळवतो: जागा कमी आहे, पैसे भरा किंवा सामान हलवा. सत्र संपल्याची ती नोटीस मला ओळखीची वाटते.

म्हणून मी दर दिवाळीच्या साफसफाईत ढगातलं एकेक घरच्या चकतीवर उतरवून घेतो. घरातले हसतात, वेळ फार लागतो म्हणतात. लागू दे. एकेक फाइल उतरते, मी ती उघडून बघतो, नीट असली तर वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण करतो, आणि मगच पुढची मागवतो.